बोधचित्रण, अंकीय

ग्रंथ, नियतकालिके, पाठ्यपुस्तके, जाहिराती, वेष्टने, दिनदर्शिका इत्यादींसाठी ग्राहकाने नेमून दिलेल्या विषयानुसार व मापानुसार संगणकाच्या साहाय्याने चित्रे तयार करण्याची उपयोजित कला व तिच्यावर आधारलेला व्यवसाय. या कलेतील चित्र संगणकात अंकांच्या रूपाने साठविले जाते, म्हणून तिला ‘अंकीय’ म्हणतात. स्वतंत्र चित्रनिर्मितीहून ती दोन बाबतींत वेगळी आहे : एक म्हणजे चित्राचा विषय, आकार व मुदत चित्रकाराबाहेरची व्यक्ती ठरविते आणि दुसरी म्हणजे मूळ चित्र कोणी पाहावे अशी अपेक्षाच नसते, पाहिली जाते ती त्याची छापील वा पडद्यावरील प्रत. ही दोन्ही वैशिष्ट्ये संगणकापूर्वीच्या बोधचित्रणातही होती. त्यामुळे अंकीय बोधचित्रणाचा इतिहास हा केवळ यंत्रांचा इतिहास नसून चित्रकार, ग्राहक व मुद्रक यांच्यातील जुन्या संबंधांना मिळालेल्या नव्या वळणाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात मागणीनुसार चित्रे काढण्याच्या व्यवसायाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट रूप आले. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतून शिकून बाहेर पडणारे तरुण आणि वाढता मुद्रणव्यवसाय यांची गाठ याच काळात पडली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथील देवदेवतांच्या रंगीत छापांनी चित्र ही घरोघर विकत घेण्याजोगी वस्तू बनविली. ग्रंथांसाठी चित्रे काढणाऱ्यांत महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे स्थान अग्रगण्य आहे. एस्. एम्. एडवर्ड्‌झ यांचे मुंबईविषयक पुस्तक (१९१२), चार्ल्‌स किंकेड यांच्या दख्खनी कहाण्यांचा संग्रह (१९१४) आणि ऑटो रॉथफील्ड यांचा भारतीय स्त्रियांविषयीचा ग्रंथ (१९२०) धुरंधरांच्या चित्रांनी सजलेले आहेत. इंग्रज लेखकाचा मजकूर आणि मराठी चित्रकाराची नजर यांतील अंतर या पुस्तकांत ठिकठिकाणी जाणवते, आणि त्यातील चित्रेच अधिक टिकली असे म्हणण्यास जागा आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांच्या या प्रथेने मराठी चित्रकाराला दरवर्षी ठरावीक हंगामात हमखास काम मिळवून दिले; जगातील फार थोड्या भाषांत असा हंगाम आढळतो. दीनानाथ दलाल (१९१६–७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) हे दोघे या परंपरेचे सर्वांत लोकप्रिय प्रतिनिधी होत. दोघेही मूळचे गोमंतकीय. दलालांनी १९४५ पासून दीपावली हा अंक स्वतःच प्रसिद्ध केला, म्हणजे चित्रकारच ग्राहक व प्रकाशक बनला. मुळगावकरांनी हवेच्या दाबाने रंगाचा फवारा उडविणाऱ्या उपकरणाचा उपयोग करून कातडीची व वस्त्राची जी मुलायम छटा साधली, तिचे अनुकरण पुढे संगणकावरील ‘एअरब्रश’ या साधनाने करावे, हा योगायोग लक्षणीय आहे. रेषेवर भर देणाऱ्यांत वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचा उल्लेख आवश्यक आहे. ललित मासिकातील जयवंत दळवी यांच्या ‘ठणठणपाळ’ या सदराला सरवट्यांच्या चित्रांनीच चेहरा दिला.

या सर्वांच्या शैलीवर मुद्रणतंत्राची सक्ती होती. साध्या कागदावर छापावयाचे चित्र शुद्ध काळ्या शाईत काढावे लागे, कारण जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या ‘लाइन ब्लॉक’ मध्ये करडी छटा उमटत नसे. छटा हव्या असल्यास चित्राचे जाळीतून छायाचित्र घेऊन बारीकमोठ्या ठिपक्यांचा ‘हाफटोन ब्लॉक’ करावा लागे. त्याला गुळगुळीत कागद व जादा खर्च लागे. रंगीत मुखपृष्ठासाठी प्रत्येक रंगाचा ब्लॉक निराळा. साहजिकच चित्रकार दोन-तीन रंगांत काम भागवायला शिकले आणि मराठी मुखपृष्ठांची सपाट रंगक्षेत्रे व ठसठशीत रेषा ही शैली काही अंशी प्रकाशकाच्या काटकसरीतून जन्माला आली.

व्यापारी क्षेत्रातही हेच चित्रकार वावरत होते. एअर इंडियाचा ‘महाराजा’ १९४६ मध्ये बॉबी कूका यांची कल्पना व उमेश राव यांची रेषा यांतून साकार झाला. अमूल लोण्याच्या जाहिरातीतील ठिपक्यांच्या झग्याची मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा व युस्टेस फर्नांडिस यांनी घडविली. एकदा काढून संपणारे चित्र आणि वर्षानुवर्षे नव्या प्रसंगांत पुन्हा काढावयाचे पात्र यांत व्यावसायिक दृष्ट्या फार मोठा फरक आहे. अशा पात्राचा जनक निवृत्त झाला तरी पात्र चालू राहते आणि ते कोणाच्या हातचे आहे हे प्रेक्षकाला कळतही नाही. मुंबईच्या कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला व १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कलासंस्था झाली. शालेय क्षेत्रात १९६७ मध्ये स्थापन झालेले पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे बालभारती, आणि तिचे १९७१ पासूनचे किशोर मासिक हे मराठी चित्रकारांचे मोठे आश्रयदाते ठरले.

संगणकाचा प्रवेश : संगणकाच्या पडद्यावर हाताने रेषा काढण्याचा पहिला प्रभावी प्रयोग आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ या कार्यक्रमाद्वारे केला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये रंगीत चित्रणाची ‘सुपरपेंट’ ही यंत्रणा उभारली. १९८१ मधील ‘क्वांटेल पेंटबॉक्स’ हे ब्रिटिश यंत्र दूरचित्रवाणी केंद्रांत वापरले गेले. ही साधने एकेका चित्रकाराच्या आवाक्याबाहेरची होती.

खरा बदल दोन गोष्टींच्या संयोगाने घडला. पहिली, वक्ररेषेचे गणित. मोटारीच्या पत्र्याचे वळण अचूक सांगण्यासाठी सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्‌झो यांनी १९५९ च्या सुमारास व रेनो कंपनीतील प्येर बेझ्ये यांनी त्यानंतर, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मोजक्या बिंदूंवरून वक्ररेषा ठरविण्याची रीत शोधून काढली. कास्तेल्‌झो यांचे काम कंपनीने गुप्त ठेवल्याने रेषेला नाव बेझ्ये यांचे मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे पृष्ठवर्णनाची भाषा. जॉन वॉर्नॉक (१९४०–२०२३) व चार्ल्‌स गेश्की (१९३९–२०२१) यांनी १९८२ मध्ये ‘अ‍ॅडोबी’ ही कंपनी स्थापून ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही भाषा तयार केली. छापावयाचे पान म्हणजे अक्षरे, रेषा व रंगक्षेत्रे यांचे गणिती वर्णन, अशी तिची भूमिका होती आणि त्यातील वळणे बेझ्ये-रेषांनी लिहिलेली होती. १९८५ मध्ये ‘अ‍ॅपल’ चा लेसर मुद्रक व ‘पेजमेकर’ हा पानजुळणीचा कार्यक्रम आला. १९८७ मध्ये अ‍ॅडोबीने ‘इलस्ट्रेटर’ हा कार्यक्रम विक्रीस आणला. वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्व्हा या आरेखनकार होत्या व त्यांची हातातली कामे पाहून या कार्यक्रमाची गरज वॉर्नॉक यांना जाणवली, असे सांगितले जाते. अशा रीतीने काढलेल्या चित्राला सदिश चित्र म्हणतात. त्यात रेषेचे गणित साठविलेले असल्याने तेच चित्र भेटकार्डावर व तिठ्यावरील फलकावर सारख्याच तीक्ष्णतेने छापता येते. बोधचिन्हे, नकाशे, आकृत्या व वेष्टने यांसाठी हा प्रकार विशेष सोयीचा ठरला.

दुसरा प्रकार बिंदुचित्राचा. यात चित्र बारीक चौकोनी बिंदूंत विभागून प्रत्येक बिंदूचा रंग अंकाने नोंदविला जातो. ब्रशाचा फटकारा, जलरंगाचा ओघळ, पेन्सिलीची खरखर यांचा आभास यातच साधतो. परंतु त्याला स्मरणक्षमता फार लागते. डेमी अष्टपत्री पुस्तकाचे मुखपृष्ठ साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच धरले व इंचाला ३०० बिंदू हे छपाईचे प्रमाण घेतले, तर त्यात सु. ४२ लाख बिंदू होतात. चार शायांचा हिशेब धरता ही नोंद सु. १ कोटी ६८ लाख बाइटांची होते. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाची स्मरणक्षमता १२८ किलोबाइट होती व त्याच्या कृष्णधवल पडद्यावर रुंदीत ५१२ व उंचीत ३४२ एवढेच बिंदू मावत. त्यावरील ‘मॅकपेंट’ हा बिल अ‍ॅट्‌किन्सन यांचा कार्यक्रम पाहून चित्रकारांना कौतुक वाटले, तरी त्यावर मुखपृष्ठ करणे शक्य नव्हते. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी घडविलेला ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये व नैसर्गिक माध्यमांचे अनुकरण करणारा ‘पेंटर’ १९९१ मध्ये आला आणि स्मरणक्षमता स्वस्त होत गेली तेव्हा कुठे बिंदुचित्रण ग्रंथव्यवसायात रुजले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाकोम’ या जपानी कंपनीच्या, दाबानुसार रेषा जाडबारीक करणाऱ्या लेखणीने हाताची लकब संगणकात उतरविली. तरीही हात एका पाटीवर व नजर दुसऱ्या पडद्यावर, ही अवघड सवय अनेक वर्षे करावी लागे. पडद्यावरच थेट रेखाटता येणारी साधने सामान्य चित्रकाराच्या हाती प्रामुख्याने २०१० नंतरच्या दशकात आली.

महाराष्ट्रातील स्थिती : १९९० नंतरच्या दशकात मराठी मुद्रणालयांत संगणकावरील अक्षरजुळणी पसरली. चित्रासाठी कॅनडातील ‘कोरल ड्रॉ’ (१९८९) हा कार्यक्रम येथे अधिक चालला, कारण तो विंडोज प्रणालीच्या स्वस्त संगणकावर चाले. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीची पत्रके व पुस्तकांची मुखपृष्ठे एकाच टेबलावर तयार होऊ लागली. मात्र देवनागरीची अडचण मोठी होती. पुण्यातील ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ (१९८८) आणि ‘श्री-लिपी’ यांसारख्या व्यापारी प्रणालींनी देवनागरी टंक उपलब्ध करून दिले, परंतु प्रत्येक प्रणालीतील अक्षरांचे संकेतांक निराळे होते. एका ठिकाणची फाइल दुसरीकडे उघडली की मजकुराच्या जागी अनोळखी खुणांचा रांजण भरे. युनिकोड या सार्वत्रिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ पासून होती आणि र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोजबरोबर घरोघर पोहोचला; तथापि चित्रणाच्या कार्यक्रमांना जोडाक्षरे व वेलांट्या नीट मांडता येण्यास त्यानंतरही बराच काळ लागला. परिणामी चित्रकार शीर्षकाची अक्षरे रेषांत रूपांतरित करून मगच छपाईला देत. यामुळे छपाई निर्धोक होई, पण पुढील आवृत्तीत शीर्षकातील एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे झाले तरी अक्षर नव्याने काढावे लागे. हाताने शीर्षक रेखाटण्याची कला मराठी मुखपृष्ठांवर इंग्रजीच्या तुलनेत अधिक टिकून राहिली, तिचे एक कारण या गैरसोयीत शोधता येते.

कामाची रीत : पूर्वी चित्रकार प्रथम ‘रफ’ दाखवी व ते पसंत पडल्यावर ‘फायनल’ करी. अक्षरांचे ब्रोमाइड कापून चित्राशेजारी चिकटविले की ‘आर्टवर्क’ तयार होई. शाई वाळल्यावर बदल सांगणे ग्राहकालाही जड वाटे, कारण बदल म्हणजे नवे चित्र हे दोघांनाही दिसत असे. अंकीय चित्र निरनिराळ्या थरांत रचलेले असते. पार्श्वभूमी, आकृती, छाया व अक्षरे वेगवेगळी उचलता येतात आणि केलेली कृती मागे घेता येते. हा गुण चित्रकाराला प्रयोगाचे स्वातंत्र्य देतो, त्याचबरोबर ग्राहकाच्या मनात बदल फुकट होतो अशी समजूत निर्माण करतो. साडीचा रंग बदलणे हे एका क्षणाचे काम असले, तरी कोणता रंग योग्य हे ठरविण्याचे काम क्षणाचे नसते. म्हणून किती रेखाटने दाखवायची, किती बदल मूळ मोबदल्यात करायचे व काम मध्येच थांबले तर किती रक्कम द्यायची, या गोष्टी आधी लिहून घेण्याची प्रथा व्यवसायात रूढ झाली. कागदाने जी मर्यादा आपोआप घातली होती ती आता करारनाम्याला घालावी लागते. संगणकाने घडविलेल्या सर्व बदलांत हा बदल, साधनांच्या नवलाईपेक्षाही, दूरगामी आहे.

रंगाच्या बाबतीतही गैरसमज होतात. पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाने रंग दाखवितो. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया कागदावर बसतात. प्रकाशाने दिसणारे अनेक तेजस्वी रंग या शायांत बसत नाहीत. गुलालाचा झगझगीत गुलाबी पडद्यावर जसा दिसतो तसा छापील मुखपृष्ठावर येत नाही, आणि दोष मात्र चित्रकाराला दिला जातो. अनुभवी चित्रकार त्यामुळे आरंभापासूनच शायांच्या मर्यादेत रंग निवडतात.

मालकीचा प्रश्न : पूर्वी मूळ चित्र ही एक वस्तू होती; ती प्रकाशकाकडे किंवा ब्लॉक करणाऱ्याकडे राहून गेली, तर चित्रकाराचे नुकसान उघड दिसे. अंकीय चित्रात मूळ व प्रत असा भेदच उरत नाही, म्हणून सर्व भार कायद्यावर येतो. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कलाकृतीचा प्रथम मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. परंतु कलम १७ मध्ये अपवाद आहेत. नियतकालिकाच्या नोकरीत असताना त्यात छापण्यासाठी काढलेल्या चित्राचा तेवढ्यापुरता हक्क मालकाकडे जातो व इतर बाबतींत तो चित्रकाराकडे राहतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा प्रथम मालक, उलट करार नसल्यास, काम सांगणारा ठरतो. कायद्यातील हे शब्द कुंचल्याच्या काळातले आहेत. थरांत रचलेले अंकीय बोधचित्र त्यांत कितपत बसते हा अर्थनिर्णयाचा प्रश्न असल्याने लेखी करार हाच दोन्ही पक्षांना सुरक्षित मार्ग होय. हक्क हस्तांतरित करण्याचा लेख सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क विकला तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा व प्रतिष्ठेला बाधक अशा विरूपणास हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये चित्रकाराकडे राहतो. मराठीत पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर मुखपृष्ठकाराचे नाव छापण्याची चांगली प्रथा आहे. आतील चित्रांच्या बाबतीत व व्यापारी कामात ती तितकीशी पाळली जात नाही.

मागणीनुसार चित्रे काढणाऱ्यांना पहिला मोठा धक्का तयार चित्रांच्या बाजारपेठेने दिला. २००० मध्ये कॅनडात सुरू झालेली ‘आयस्टॉकफोटो’ ही संस्था २००६ मध्ये ‘गेटी इमेजेस’ ने ५ कोटी डॉलरला विकत घेतली. थोड्या पैशांत मिळणारे एकच चित्र अनेक व्यवसायांच्या पत्रकांवर झळकू लागले. याच्या अगदी उलट दिशेचा प्रयोग बंगळूरच्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ या उपक्रमाने केला. चित्रकाराला मोबदला देऊन काढून घेतलेली बालपुस्तकांची चित्रे खुल्या परवान्याने उपलब्ध केल्यामुळे, श्रेय देऊन कोणालाही त्यांवर नवी गोष्ट लिहिता येते. मराठीसह अनेक भाषांतील मुलांना त्याचा लाभ झाला. चित्रकाराला मात्र आपले हत्ती व आजीबाई कोणत्या गोष्टीत जाऊन बसतील यावर ताबा राहत नाही.

दुसरा धक्का अधिक खोल आहे. २०२२ मध्ये ‘मिडजर्नी’, ‘स्टेबल डिफ्युजन’ इत्यादी प्रणाली सर्वसामान्यांना खुल्या झाल्या. शब्दांत वर्णन दिले असता त्या चित्र तयार करून देतात. महाजालावरून गोळा केलेल्या, मथळ्यांसहित असंख्य चित्रांवरून त्या शिकविल्या गेल्या आणि त्यात हयात चित्रकारांची कामे त्यांच्या संमतीविना वापरली गेली. सारा अँडरसन, केली मॅकर्नन व कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकर्त्रींनी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात याविरुद्ध दावा दाखल केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने एका चित्रकथेतील यंत्रनिर्मित चित्रांना संरक्षण नाकारले. मजकूर व मांडणी यांचे संरक्षण मात्र कायम ठेवले. प्रकाशकाच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण ज्या मुखपृष्ठावर कोणाचाच हक्क नाही ते दुसऱ्याने उचलल्यास तक्रार कशाच्या बळावर करावी, असा पेच त्यातून उद्‌भवतो. दोन्ही धक्के एकत्र आल्याचे उदाहरण डिसेंबर २०२२ मध्ये दिसले : ‘टॉर’ या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने तयार चित्रांच्या बाजारातून परवान्याने घेतलेले मुखपृष्ठचित्र यंत्रनिर्मित असण्याची शक्यता नंतर लक्षात आली, परंतु निर्मितीच्या अडचणींमुळे तेच मुखपृष्ठ कायम ठेवण्यात आले.

या प्रणालींनी झालेले नुकसान सर्व थरांत सारखे नाही. ठरावीक आशयाची, त्वरेने लागणारी व कर्त्याचे नाव न छापली जाणारी कामे प्रथम धोक्यात येतात, आणि नवशिका चित्रकार ज्या कामांवर हात बसवितो व पोट भरतो, ती नेमकी हीच असतात. नऊवारी कोणत्या बाजूने खोचली जाते, ओवरीचे खांब कसे असतात, पेशवाई पगडी व पुणेरी पगडी यांत फरक काय, अशा तपशिलांत यंत्रनिर्मित चित्रे अनेकदा चुकत आली आहेत. बालपुस्तकांत व ऐतिहासिक ग्रंथांत अशी चूक गंभीर ठरते, कारण वाचक त्या काळाची ओळख चित्रावरूनच करून घेतो.

जतन : अंकीय चित्राचे आयुष्य त्याच्या फाइलीइतकेच असते, आणि फाइलीचे आयुष्य ती उघडणाऱ्या कार्यक्रमाइतके. १९९० नंतरच्या दशकातील लवचिक तबकड्यांवरील मराठी मुखपृष्ठे आज वाचण्यास यंत्र मिळणे कठीण झाले आहे. मिळाले तरी जुना टंक नसल्याने मजकूर विस्कटतो. ‘फ्लॅश’ या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० नंतर काढून घेतल्यामुळे त्यातील असंख्य हलती चित्रे एकाच वेळी अदृश्य झाली. अ‍ॅडोबीने २०१३ पासून आपले कार्यक्रम वर्गणीने देण्याचे धोरण स्वीकारल्यावर, वर्गणी थांबविणाऱ्या चित्रकाराला स्वतःच्याच फाइली त्या साधनाने उघडता येत नाहीत. ‘इंकस्केप’ व ‘क्रिता’ यांसारख्या मुक्त कार्यक्रमांकडे काही जण वळले ते यासाठीच. बालभारतीने किशोर मासिकाचे जुने अंक महाजालावर उपलब्ध करून दिले, त्यांतील चित्रे आज पाहावयास मिळतात ती छापील पानांच्या प्रतिमांतूनच.